गाडी भरताना

आपल्या मोहल्ल्यांत गाडीशी संबंध नाही असे खानदान शोधावे लागेल. कुणाचा भाऊ ट्रकवर ड्रायव्हर, कुणाच्या जावयाचा छोटा टेम्पो, कुणाचा मुलगा नुकताच क्लीनर म्हणून लागलेला, तर कुणाचे सासरे मार्केट यार्डात हमाल. आमच्या शेवगावात तर सुगीच्या दिवसांत अर्धे गाव गाडी भरत असते आणि अर्धे गाव ती कधी परत येते याची वाट बघत असते. तरीही गाडी भरावी कशी, माल बांधावा कसा, यावर आपल्या मासिकांत कधी काही वाचल्याचे मला आठवत नाही. नमाज, तालीम, शादी, तब्येत, सगळ्यांवर लिहिले जाते. ज्या दोरावर घराची रोजी टांगलेली असते, त्या दोराबद्दल मात्र कुणी बोलत नाही.

माझे अब्बा २४ वर्षे ट्रक चालवत होते. शाळेत ते चौथीपर्यंतच गेले. पण त्यांचे एक मत होते आणि ते त्यांनी शेवटपर्यंत बदलले नाही. माल रस्त्यात फुटत नाही, तो भरतानाच फुटलेला असतो. रस्त्यात फक्त आवाज येतो. लहानपणी मला ही ड्रायव्हर लोकांची फुशारकी वाटायची. आता वाटत नाही.

दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्याकडे कापूस निघतो आणि जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्या सुरू होतात. कापूस हलका, म्हणून त्यात काय धोका, असे आपल्याला वाटते. खरे तर हलका असल्यामुळेच तो उंच भरतात. वजनात भाडे सुटायचे तर हौदाच्या कितीतरी वर रचावा लागतो. वर माणसे चढून तो पायाने तुडवतात, कडेने पोती लावून भिंत उभी करतात, आणि गाडी दोन्ही बाजूंनी पोट सुटल्यासारखी फुगते. अशी गाडी वळणावर झुकते, कारण तिचा सगळा भार वर गेलेला असतो. शिवाय खाली लोंबलेल्या विजेच्या तारेला वरचा कापूस घासला की क्षणात पेट घेतो. अब्बा कापसाची गाडी भरून झाली की एकदा लांब जाऊन मागून बघायचे. मधली रेघ सरळ दिसली नाही तर उतरवून परत भरायला लावायचे. हमाल चिडायचे. त्यांचेही बरोबर होते. त्यांना पैसे मिळतात ते नगावर किंवा वजनावर, नीटपणावर नाही. महाराष्ट्रात माथाडी कायदा १९६९ साली झाला, त्याने हमालाला माणूस म्हणून काही हक्क दिले. पण घाईने भरले तर दोन गाड्या होतात आणि नीट भरले तर एक, हे गणित काही त्याने बदलले नाही.

उसाची गोष्ट वेगळी. भेंड्याचा ज्ञानेश्वर कारखाना, आदिनाथनगरचा वृद्धेश्वर, नजीक बाभुळगावचा गंगामाई, असे कारखाने भोवती असल्यामुळे हंगामात आमचे रस्ते ट्रॅक्टरच्या जोडट्रॉल्यांनी भरून जातात. ऊस गुळगुळीत, त्यात मोळ्या आडव्या रचलेल्या. वरचे थर ट्रॉलीच्या फाळक्यांच्या वर गेले की त्यांना धरून ठेवणारी एकच वस्तू उरते, ती म्हणजे वरून ओढलेला तारेचा दोर. गतिरोधकावर ट्रॉली उडते, थर बसतो, दोर सैल पडतो. मग कांडी कांडी करत ऊस रस्त्यावर सांडत जातो. वजन होते ते कारखान्याच्या काट्यावर, त्यामुळे वाटेत सांडलेला ऊस शेतकऱ्याच्या खात्यातून गेला. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याचे काय होते ते सांगायला नको.

जुन्या बैलगाडीवाल्यांकडे यासाठी एक शब्द होता, उलाळ. मागे जास्त ओझे झाले की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांच्या मानेला फास बसतो. पुढे जास्त झाले तर तीच मान दबते. म्हणून गाडीवान ओझे आसाच्या थोडे पुढे ठेवायचा आणि जू हातात उचलून अंदाज घ्यायचा. आज बैल गेले, पण उलाळ काही गेली नाही. ट्रॉलीत भार जास्त झाला की चढावर ट्रॅक्टरची पुढची चाके जमीन सोडतात. चाके उचलली की स्टिअरिंग कितीही फिरवा, उपयोग नाही. आपल्या शेतकऱ्याला हे आजोबांकडून माहीत असते. सहा महिन्यांसाठी ट्रॅक्टरवर ठेवलेल्या पोराला ते कुणी सांगत नाही.

माल हलतो म्हणजे नक्की काय होते? माझे विषय उर्दू आणि मराठी. पण शेजारच्या वर्गात विज्ञानाचे सर जडत्व शिकवतात ते भिंतीतून ऐकू येते. ब्रेक लावला की थांबते ती गाडी. माल थांबत नाही, तो त्याच वेगाने पुढे निघालेला असतो. वळणावर गाडी वळते, माल सरळ जातो, म्हणजे आपल्याला तो बाहेर फेकल्यासारखा दिसतो. चढावर मागे सरकतो. खड्ड्यात तर चौथीच तऱ्हा होते. गाडी खाली आपटते तेव्हा माल क्षणभर हौदावरून उचलला जातो. त्या क्षणी खालच्या फळीची पकडच संपते. असे शंभर खड्डे झाले की जड पेटीसुद्धा बोट बोट चालत दुसऱ्या कोपऱ्यात जाते. ‘जड आहे, कुठे जाते?’ हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकले आहे! जड वस्तू जागची हलवायला कठीण, हे खरे. पण एकदा निघाली की थांबवायलाही तितकीच कठीण, हे त्यांच्या लक्षात येत नाही.

युरोप-अमेरिकेच्या नियमांत याचा आकडाच ठरवून दिला आहे. बांधणी अशी हवी की पुढच्या दिशेने मालाच्या वजनाच्या ८० टक्के जोर आला तरी तो हलता कामा नये. बाजूंना आणि मागे ५० टक्के. म्हणजे ५ टन लोखंड भरले, तर जोरात ब्रेक लागल्यावर ४ टनांचा धक्का पेलायची तयारी आधीच करून ठेवायची. आपल्याकडे किती ठिकाणी हा हिशेब होतो?

हा हिशेब न झाल्याचा परिणाम मी जवळून पाहिला आहे. आमच्या उर्दू शाळेत एक मुलगा होता. गणितात यथातथा, पण त्याचा खत इतका सुंदर की फळ्यावरचा सुविचार मी त्याच्याकडूनच लिहून घ्यायचे. दहावीनंतर घरच्या परिस्थितीमुळे तो एका ट्रकवर क्लीनर म्हणून गेला. सहा-सात महिने झाले असतील. गाडीत इमारतीच्या सळया होत्या. भरणाऱ्यांनी त्या उतरवायला सोप्या जाव्यात म्हणून मागच्या फाळक्याला भिडवून टाकल्या होत्या, आणि पुढे केबिनच्या भिंतीपर्यंत दोन-अडीच फूट जागा मोकळी राहिली होती. वरून एक दोर टाकलेला होता. लोखंडी हौदावर लोखंडी सळया, म्हणजे पकड जवळजवळ नाहीच. करंजी घाट उतरताना समोर मेंढ्यांचा कळप आला आणि ड्रायव्हरने ब्रेक दाबला. गाडी थांबली, मेंढ्या वाचल्या. सळयांना त्या मोकळ्या जागेत धाव मिळाली आणि त्या केबिनचा पत्रा फोडून आत आल्या. पोरगा मागच्या बाकावर झोपला होता. त्याचा डावा पाय गुडघ्याखालून काढावा लागला.

मी दवाखान्यात भेटायला गेले तेव्हा त्याची अम्मी पुन्हा पुन्हा म्हणत होती, “टीचर, मुकद्दर में लिख्खा था.” आईच्या तोंडावर काय बोलणार? मी गप्प बसले. पण घरी आल्यावर माझे मन ते मानेना. मुकद्दरवर माझा ईमान आहे. मात्र त्या सळया पुढच्या भिंतीला भिडवून भरल्या असत्या, त्यांना धाव घ्यायला जागाच ठेवली नसती, खाली जुन्या टायरच्या पट्ट्या टाकल्या असत्या, हे सगळे माणसांच्या हातात होते. गाडीच्या मालकाने पुढे सांगितले की हा मुलगा आमच्या कामावर नव्हताच, ड्रायव्हरने परस्पर आणला. नाव कुठल्या वहीत नव्हते, हे खरे. क्लीनरचे नाव कुठे असते वहीत? म्हणून ज्यांची मुले गाडीवर आहेत त्या आई-बापांना हात जोडून सांगते, मालकाकडून काहीतरी लेखी घ्या. महिन्याचा पगार निदान एकदा तरी बँकेतून किंवा फोनवरून जमा व्हायला लावा, म्हणजे पुरावा राहतो.

सळयांपुरते सांगायचे तर, त्या गाडीबाहेर काढून नेण्याची जी सूट पूर्वी होती, ती केंद्र सरकारने २०१४ साली रद्द केली. मागच्या बाजूने लोंबणाऱ्या सळयांनी रात्री कितीजणांचे जीव घेतले होते, त्यावरून हा निर्णय झाला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर माल गाडीच्या अंगाबाहेर आला किंवा ठरलेल्या उंचीवर गेला तर मोटार वाहन कायद्यात २०,००० रुपये दंड आहे. लाल फडके बांधले की झाले, या समजुतीत अजूनही खूप लोक आहेत. आणि हौदाच्या आत माल कसा ठेवला आहे, ते तर रस्त्यावर कुणी डोकावून बघत नाही.

आता दोराबद्दल. वरून टाकलेला दोर माल अडवून धरतो असे आपल्याला वाटते. तो मुख्यतः माल खाली दाबतो, आणि दाबल्यामुळे मालाची खालची पकड वाढते. म्हणून दोर जितका उभा उतरेल तितका चांगला. जमिनीशी काटकोनात उतरला तर त्याची सगळी ताकद दाबण्यात जाते. बुटक्या, पसरट मालावरून तो ३० अंशात तिरपा गेला तर ताकद निम्मीच उरते. तिथे एकाऐवजी दोन दोर हवेत किंवा मालाला पुढून अडण हवी. काथ्याचा नाही तर तागाचा दोर पावसात आखडतो आणि वाळला की सैल पडतो. नायलॉनचा दोर ताणला की वाढतो, ओला झाला की आणखीच. हल्ली खटका असलेले पट्टे मिळतात. ते महाग वाटतात, पण कमी ताणतात आणि हाताच्या जोरावर अवलंबून राहत नाहीत. पेटीच्या कडेवर पट्टा येतो तिथे पुठ्ठा किंवा टायरचा तुकडा ठेवायचा, नाहीतर कड पट्ट्याला कापते आणि पट्टा कडेला.

अब्बांच्या वेळी खटके नव्हते. दोर आवळून झाला की ते त्यावर बोट मारायचे, तंबोऱ्याच्या तारेसारखे. “रस्सी बोलती है, कान लगा,” असे मला सांगायचे. घट्ट दोर गुणगुणतो, सैल दोर मुका असतो. गाडी नगरकडे निघाली की अमरापूरला त्यांचा पहिला चहा ठरलेला. लोकांना वाटे, ड्रायव्हर माणूस, घरातून निघून अर्धा तास होत नाही तोवर चहा लागतो. चहा निमित्त होते. पहिल्या काही किलोमीटरमध्ये माल बसतो, थरांमधली हवा जाते आणि घरून आवळलेला दोर तिथे हमखास सैल झालेला सापडतो. अमरापूरला ते गाडीभोवती फिरून प्रत्येक दोराला बोट लावायचे. पुढे कधीतरी माझ्या वाचनात आले की अमेरिकेत ड्रायव्हरने पहिल्या ८० किलोमीटरच्या आत उतरून बांधणी तपासलीच पाहिजे, असा कायदा आहे. चौथी शिकलेला माझा बाप त्यांच्या कितीतरी आधीच उतरत होता.

माझ्या नानीचा धंदा बांगड्यांचा. फिरोजाबादचा माल पेट्यांतून यायचा, कागद आणि गवतात बसवलेला. त्यातून खेड्यांवर न्यायची टोपली त्या स्वतः भरायच्या. भरून झाली की झाकण लावून दोन्ही हातांनी हलवायच्या. आतून जराही खुळखुळ ऐकू आली की सगळी टोपली रिकामी करून परत भरायच्या. आवाज म्हणजे पोकळी, आणि पोकळी म्हणजे फूट. अब्बांचा दहा टायरचा ट्रक आणि नानीची टोपली, यांत मला कधी फरक वाटला नाही. मोठ्या बंदरांवर कंटेनरमध्ये पेट्यांच्या मधल्या जागेत हवेच्या पिशव्या फुगवून बसवतात, त्यांचे कामही नानीच्या गवताचेच.

एक हदीस आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. तिरमिजी शरीफमध्ये हजरत अनस (रजि.) यांच्याकडून आलेली आहे. एका माणसाने प्रेषित मुहम्मद (स.) यांना विचारले की मी उंट बांधून अल्लाहवर तवक्कुल करू, की मोकळा सोडून करू? आधी बांधावा आणि मग तवक्कुल करावा, असे प्रेषितांनी (स.) त्याला सांगितले. परीक्षेच्या दिवसांत मी स्वतः ही हदीस मुलांना सांगते. आजारपणात डॉक्टरकडे जाण्यासाठी सांगितली जाते, व्यापारात सांगितली जाते. इतक्या ठिकाणी ती लागू करता करता आपण एक साधी गोष्ट विसरून गेलो की ती मुळात दोराबद्दलच आहे. उंट हे त्या काळचे वाहन होते. गाडी सुरू करताना ‘बिस्मिल्लाह’ म्हणणारे, केबिनमध्ये आयतुल कुर्सी लावणारे आपले ड्रायव्हर मी रोज बघते आणि मला ते आवडते. मागचा दोरही त्याच इबादतीत मोजला जावा, एवढेच वाटते.

आणि दोर तुटला तर भरपाई कुणी द्यायची? या प्रश्नाकडे मी आले ते धाकट्या भावामुळे. तो एका ट्रान्सपोर्टमध्ये पगारावर ड्रायव्हर होता. गुजरातमधल्या मोरबीहून टाइल्सची गाडी आली. टाइल्सचे बॉक्स उभे, एकमेकांना खेटून ठेवायचे असतात. आडवे रचले की खालच्या थरावर सगळा भार येतो आणि दणक्याने मधोमध तडकतात. तिथे गोदामात गाडी आत घेतल्यावर ड्रायव्हरला बाहेर बसवतात. भरणारे दुसरे, कुलूप लावणारा तिसरा. भावाने आत काय आहे ते पाहिलेदेखील नव्हते. माल उतरवताना चाळीसेक बॉक्स फुटलेले निघाले आणि मालकाने १४,००० रुपये त्याच्या पगारातून पाच महिन्यांत कापून घेतले. त्या वर्षी त्याच्या मुलीची फी अम्मीच्या कानातल्या बाळ्या विकून भरली. वहिनी तेव्हा एवढेच म्हणाल्या, “माल तुम तोडे नई, पैसा तुमच भरे.”

मला हे इतके खटकले की आमच्या ओळखीच्या एका मौलाना साहेबांना मी विचारले. त्यांनी ‘हिदाया’ काढून दाखवली. बाराव्या शतकातल्या इमाम बुरहानुद्दीन मरगीनानी (रह.) यांचा हा हनफी फिकहचा ग्रंथ. इंग्रजांनी त्याचा १७९१ मध्ये तर्जुमा केला आणि आपल्याकडच्या न्यायालयांत तो वापरला. त्यात मजुरीवर काम करणाऱ्यांचे दोन प्रकार केले आहेत. एक अजीर मुश्तरक, म्हणजे जो अनेकांचे काम घेतो. धोबी, शिंपी, हमाल, भाड्याने जनावरे देणारा मुकारी. दुसरा अजीर खास, म्हणजे ज्याने ठरलेल्या मुदतीसाठी आपला सगळा वेळ एकाच मालकाला दिला आहे. आणि मुकारीच्या संदर्भात तिथे चक्क दोराचा उल्लेख आहे! मुकारीने ज्या दोराने ओझे बांधले तो तुटून माल गेला, तर भरपाई मुकारीने द्यायची. कारण दिले आहे ते असे की दोर तुटणे म्हणजे त्याने पुरेसे लक्ष दिले नाही, म्हणून ते त्याचेच कृत्य धरावे. आठशे वर्षांपूर्वीच्या कुणा आलिमाने बसून दोराचा एवढा विचार केला, याचेच मला नवल वाटले. काही इमामांचे मत यापेक्षा वेगळे आहे, तेही मौलाना साहेबांनी सांगितले.

पण खरी गोष्ट पुढेच होती. अजीर खासवर अशी भरपाई नाही. त्याच्या हातून काम करताना माल गेला तरी, जाणूनबुजून ज्यादती केली नसेल तर, त्याच्याकडून वसूल करता येत नाही. मग आजचा मुकारी कोण? ज्याची गाडी आहे, जो भाडे ठरवतो, दोर विकत घेतो किंवा घेत नाही, तो ट्रान्सपोर्टवाला. पगारावरचा ड्रायव्हर हा अजीर खास. गिऱ्हाइकाला भरपाई द्यायची जबाबदारी मालकाची आणि ती त्याने ड्रायव्हरच्या पगारातून काढायची, हे आपल्या फिकहमध्ये बसत नाही असे मौलाना साहेब म्हणाले. मी काही मुफ्ती नाही. ज्यांच्या घरी असा प्रसंग आला असेल त्यांनी आपल्या ठिकाणच्या आलिमांना जरूर विचारावे. मात्र आपल्यातलेच कितीतरी लोक ट्रान्सपोर्टचे मालक आहेत, हजला जाऊन आलेले आहेत, जकात वेळेवर देतात. पहिल्या तारखेला ड्रायव्हरचा हिशेब करताना त्यांनी हे पान उघडून पाहावे.

देशाचा कायदाही मालकाच्याच बाजूला बोट दाखवतो. पूर्वी १८६५ चा वाहतूकदारांचा कायदा होता, त्याच्या जागी २००७ चा रस्त्याने मालवाहतुकीचा कायदा आला आणि २०११ पासून लागू झाला. माल वाहतूकदाराच्या ताब्यात असताना फुटला तर त्याचा निष्काळजीपणा सिद्ध करत बसण्याची गरज गिऱ्हाइकाला नाही. पण यात घरातल्यांनी लक्षात ठेवाव्यात अशा अटी आहेत. माल देताना त्याची किंमत लिहून दिली नसेल आणि जास्तीच्या जबाबदारीचे ठरले नसेल, तर भरपाई भाड्याच्या दहा पटींपर्यंतच मिळते. म्हणजे ३,००० रुपये भाडे असेल तर ३०,००० च्या वर नाही, मग आत लाखाचा माल का असेना. शिवाय दाव्याआधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि तीही बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत. हे सगळे बिल्टी असेल तर. ओळखीच्या टेम्पोवाल्याला फोन करून ‘भाई, दोन वाजता ये’ म्हटले असेल, तर हातात कागदाचा कपटाही नसतो.

आपल्या घरांत टेम्पो येतो तो दोन वेळा, बदली झाली तेव्हा आणि मुलीचे लग्न झाले तेव्हा. जहेज देऊ नये हे माझे मत मी शाळेतही सांगते आणि घरातही. पण जे सामान निघाले आहे ते तरी धड पोहोचावे. आमच्या शेजारच्या मुलीच्या सामानात आरशाचे ड्रेसिंग टेबल होते. भरणाऱ्या पोरांनी ते आडवे टाकले, त्यावर गाद्या, आणि गाद्यांवर स्वतः बसून नाचत गेले. गेवराईला पोहोचेपर्यंत आरशाच्या चिरफळ्या झालेल्या. पुढे त्या मुलीला सासरी वर्षभर ऐकावे लागले की आली तीच फुटका आरसा घेऊन. बदशगुनी मानणे आपल्या दीनमध्ये मना आहे, हे त्या घरातल्यांना माहीत नव्हते असे नाही.

काच नेहमी उभी न्यावी, कडेवर, गाडीच्या लांबीच्या दिशेने, दोन गाद्यांच्या मध्ये दाबून. आडवी काच स्वतःच्या वजनाने वाकते आणि पहिल्या खड्ड्यात जाते. फ्रिज उभाच न्यावा. नाइलाजाने आडवा न्यावा लागला तर उतरवल्यावर काही तास उभा राहू द्यावा आणि मग चालू करावा, कारण कॉम्प्रेसरचे तेल नळ्यांत गेलेले असते. पुढून दार असलेल्या वॉशिंग मशीनचा ड्रम अडकवायला कंपनी बोल्ट देते, ते फेकून देऊ नयेत. लोखंडी कपाटात भांडी भरून पाठवण्याची हौस बायकांना फार असते. आत सुटी भांडी म्हणजे कपाटाला आतून हातोडे. जड सामान पुढच्या भिंतीला आणि तळाला, हलके वर. मधल्या फटीत उशा, गोधड्या, जुने कपडे कोंबावेत. कुरआन शरीफ मात्र कुणी टेम्पोत टाकत नाही, घरातले कुणीतरी ते छातीशी धरून बसते. नीट नेणे म्हणजे काय, हे न शिकवता आपल्याला येते ते इथे.

भावाने पुढे ती नोकरी सोडली आणि हप्त्यावर स्वतःचा टेम्पो घेतला. अब्बांचे दोन जाड दोर त्याच्याकडे आहेत, पण वापरतो तो पट्टेच. मागच्या सीटखाली टायरच्या पट्ट्यांचे पोते असते. भाडे सांगताना तो दोन आकडे सांगतो, एक गाडीचे आणि एक भराई-बांधणीच्या पाऊण तासाचे. दुसऱ्याने भरलेल्या मालाला कुलूप लागण्याआधी आत जाऊन बघू दिले नाही तर भाडे घेत नाही. लोकांना हे पटत नाही. दोरी बांधायचे कसले पैसे, म्हणतात. गेल्या आठवड्यात एका दुकानदाराने काचेच्या शोकेससाठी बोलावले, दुसरा आकडा ऐकला आणि दीडशे रुपये कमी घेणारा टेम्पो आणला. भाऊ तिथून निघाला नाही. त्या टेम्पोवाल्या पोराला शोकेस उभी करून दिली, स्वतःचे दोन पट्टे लावून दिले, आणि म्हणाला, पट्टे संध्याकाळी दुकानावर ठेव. पट्टे अजून परत आलेले नाहीत.